व्हल्कन फाउंड्री: बोरीबंदर-ठाण्याची इंजिनं ते घाटातला खेकडा

वैदेही_ठाणे

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयासाठी रेल्वेच्या इतिहासावर आठ-दहा फलक करतेय. १६ एप्रिल १८५३ च्या गाडीबद्दल सगळीकडे तेच सापडतं: १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी, तीन इंजिनं. ती इंजिनं इंग्लंडच्या 'व्हल्कन फाउंड्री'ची होती, एवढं एका ओळीत उरकतात. मला या कारखान्याला एक अख्खा फलक द्यायचा आहे. म्हणून काही नेमके प्रश्न:

१) कारखाना नक्की कुठे होता, कुणी काढला, आणि बंद कधी व का पडला?
२) इंग्लंडचा रूळ ४ फूट साडेआठ इंच, आपला ५ फूट ६ इंच. मग आपली इंजिनं तिथे बांधून तपासायचे कशी?
३) १८५३ नंतरही आपल्या भागात व्हल्कनची इंजिनं आली का? बोरघाटातला 'खेकडा' (जुनं विजेचं मालगाडी इंजिन) त्यांचाच असं कुणी म्हणतं, कुणी स्वित्झर्लंडचा म्हणतं.
४) एखाद्या जुन्या इंजिनाचा फोटो छापताना 'हे व्हल्कनचं' असं कशाच्या आधारावर लिहावं?

फलकावर चुकीचं काही जायला नको, म्हणून विचारतेय.

---

रूळजोड

वैदेहीताई, पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

जागा: न्यूटन-ले-विलोज, लँकेशायर. लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मध्ये, वॉरिंग्टनजवळ. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सप्टेंबर १८३० मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी चार्ल्स टेलर यांनी हा कारखाना काढला. सुरुवातीचं काम पुलांचे गर्डर, सांधे, क्रॉसिंग असं लोखंडी सामान. १८३२ मध्ये रॉबर्ट स्टीफनसन भागीदार झाले. स्वतःचा न्यूकॅसलचा कारखाना असताना ते इथे आले, कारण नव्या रेल्वेमार्गांचं गिऱ्हाईक लँकेशायरमध्ये होतं आणि न्यूकॅसलहून तयार इंजिन तिकडे पोचवायचं म्हणजे मोठा व्याप. १८३३ पासून इथे इंजिनं बनू लागली. १८३७ च्या शेवटी ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर, म्हणजे अभियंता ब्रुनेलच्या ७ फुटी रुळावर, धावलेलं पहिलं इंजिन इथलंच. त्याचं नावही 'व्हल्कन'. 'व्हल्कन फाउंड्री कंपनी' हे नाव १८४७ चं.

फलकात एका चौकटीपुरती आणखी एक गोष्ट घ्या. टेलर यांच्या वॉरिंग्टनच्या शाखेने १८५३ मध्ये 'टेलर' नावाचं लोखंडी शिडाचं जहाज बांधलं. जानेवारी १८५४ मध्ये पहिल्याच सफरीत ते डब्लिनजवळ लँबे बेटावर आपटलं आणि तीनशेच्या वर माणसं गेली. लोखंडी सांगाड्यामुळे होकायंत्रं चुकीची दिशा दाखवत होती, हे त्यातलं एक मोठं कारण. जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, बोरीबंदर-ठाणे गाडी तिचीच) पहिली इंजिनं बांधली गेली तो हाच काळ. लोखंड वापरायला लोक शिकले होते, त्याचे परिणाम अजून कळायचे होते.

पुढचं थोडक्यात. १८७२ मध्ये जपानची पहिली रेल्वे सुरू झाली, तिचं १ नंबरचं इंजिन व्हल्कनचं. ते जपानमध्ये जपलेलं आहे. १९३४-३५ मध्ये ब्रिटनच्या एलएमएस रेल्वेसाठी १०० 'ब्लॅक फाइव्ह' वाफेची इंजिनं, १९३५-३६ मध्ये चीनसाठी २४ प्रचंड ४-८-४ इंजिनं (हे आकडे म्हणजे पुढची, जोडलेली चालक आणि मागची चाकं). दुसऱ्या महायुद्धात माटिल्डा रणगाडे, शिवाय युद्धखात्यासाठी ऑस्टेरिटी २-८-० इंजिनं. १९४४ मध्ये व्हल्कनने 'रॉबर्ट स्टीफनसन अँड हॉथॉर्न्स' विकत घेतली, म्हणजे जुन्या भागीदाराचा वारसा परत इकडेच आला. १९५५ मध्ये दोन्ही इंग्लिश इलेक्ट्रिककडे गेल्या.

बंद पडण्याची तारीख एकच लिहू नका. वाफेच्या इंजिनांचं काम १९५६ च्या सुमारास थांबलं. रेल्वे इंजिनं बांधणं १९७० मध्ये संपलं. त्यानंतर तिथे फक्त डिझेलची इंजिनं, म्हणजे यंत्रं, बनत होती आणि तेही २००२ च्या अखेरीला बंद झालं. तिन्ही टप्पे वेगळे दाखवा.

---

मीटरगेज_मिरज

'का बंद पडला' यावर थोडं. नुसतं 'वाफ गेली म्हणून' असं लिहिलंत तर अर्धवट राहील. हा कारखाना डिझेलमध्ये मागे पडलेला नव्हता. ब्रिटिश रेल्वेची २२ 'डेल्टिक' डिझेल इंजिनं १९६१-६२ मध्ये इथेच बांधली, १९६७-६८ मध्ये क्लास ५० वर्गाची ५० इंजिनं इथेच बांधली, आणि क्लास ३७ व क्लास ४० पैकी बहुतेक इथलेच.

खरी गोची गिऱ्हाइकाची होती. सव्वाशे वर्षांत सहा हजारांवर इंजिनं बांधली, त्यातली फार मोठी संख्या परदेशी, आणि परदेशात भारत हे सगळ्यात भरवशाचं गिऱ्हाईक. १९५० मध्ये चित्तरंजनला आपलं स्वतःचं उत्पादन सुरू झालं. टेल्कोने जमशेदपूरला मीटरगेजची इंजिनं बांधायला घेतली. वाराणसीचं डिझेल इंजिन १९६४ मध्ये बाहेर पडलं, तेही अमेरिकन ऍल्कोच्या आराखड्यावर. ऑक्टोबर १९६१ मध्ये चित्तरंजनने 'लोकमान्य' हे पहिलं विजेचं इंजिन काढलं, १५०० व्होल्ट डीसीचं, म्हणजे थेट मुंबई-पुणे-इगतपुरीसाठी. त्याच मार्गावर सहा-सात वर्षांपूर्वीपर्यंत इंग्लिश इलेक्ट्रिकची नवी इंजिनं येत होती.

दुसरीकडे ब्रिटिश रेल्वेचे स्वतःचे मोठे कारखाने होते. वाफ हटवण्याची घाई ऑगस्ट १९६८ मध्ये संपली, तशा बाहेर दिलेल्या ऑर्डरीही आटल्या. त्याच वर्षी इंग्लिश इलेक्ट्रिक जीईसीमध्ये विलीन झाली. नवा मालक, रिकामं ऑर्डर बुक. दोन वर्षांत इंजिनं बांधणं थांबलं. माझ्या मते ही आपल्या बाजूने अभिमानाची आणि त्यांच्या बाजूने नुकसानीची एकच घटना आहे, आणि फलकावर ती तशीच दिसावी.

---

फिटरकाका

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, जरा सविस्तर.

रुंद गेजचं इंजिन कारखान्याच्या फाटकाबाहेर स्वतःच्या चाकांवर जाऊच शकत नाही. परदेशी काम घेणारे कारखाने त्यामुळे आवारात वेगवेगळ्या गेजचे रूळ टाकत. इंजिन पूर्ण जुळवायचं, वाफेवर घ्यायचं, आवारात पुढेमागे चालवायचं, आणि गिऱ्हाइकाच्या तपासनिसाने पास केलं की पुन्हा खोलायचं. बांधणीचा क्रम साधारण असा:

आधी फ्रेम. इंग्लिश पद्धतीत सव्वा इंचाच्या आसपास जाडीच्या पोलादी प्लेटा. डाव्या-उजव्या, आणि ऑर्डर मोठी असेल तर अनेक इंजिनांच्या प्लेटा, एकावर एक आवळून एकदमच कापत. फायदा हा की एक्सल बॉक्सच्या खाचा सगळीकडे एकाच जागी येतात. दोन बाजूंच्या खाचांत थोडा जरी फरक राहिला तर धुरा तिरपा बसतो आणि मग आयुष्यभर फ्लँज एकाच बाजूने झिजते.

मग सिलिंडर. सिलिंडरच्या मध्यातून बारीक तार ताणून ती चालक धुऱ्याच्या मध्यापर्यंत नेतात आणि तिथून काटकोनात दुसरी रेघ टाकतात. या दोन रेघा जुळल्या की बाकीचं सगळं त्यांच्या हिशेबाने बसतं.

बॉयलर वेगळ्या शॉपमध्ये तयार होतं. आधी पाण्याच्या दाबावर चाचणी, कामाच्या दाबाच्या साधारण दीडपट. १८० पौंड दाबाचं बॉयलर असेल तर २७० च्या आसपास. पाणीच का? पाणी दबत नाही, त्यामुळे शिवण सुटली तर फक्त गळती होते. त्याच दाबाची वाफ असती तर स्फोट. पाण्यात पास झालं की मग वाफेची चाचणी. फ्रेमवर बसवताना बॉयलर पुढे स्मोकबॉक्सला घट्ट बोल्ट करतात आणि मागे फायरबॉक्सच्या बाजूला सरकतं ठेवतात. २० फुटांचं बॉयलर थंड ते गरम होताना साधारण अर्धा इंच वाढतं. मागची बाजूही आवळून टाकली तर एकतर ब्रॅकेट तुटतात नाहीतर फ्रेम वाकते.

शेवटी चाकं. डाव्या-उजव्या क्रँक पिना एकमेकींशी ९० अंशात हव्यात, म्हणजे एक बाजू टोकाला अडली तरी दुसरी जोर लावते. जोडलेल्या सगळ्या धुऱ्यांवर हा कोन एकसारखा लागतो. त्यासाठी खास यंत्रावर दोन्ही बाजूंची भोकं एकाच बांधणीत पाडत. एका धुऱ्याचा कोन किंचित वेगळा निघाला की साइड रॉड प्रत्येक फेरीत ताणला जातो: बुश गरम, ठोका ऐकू येतो, आणि दुर्लक्ष केलं तर रॉड वाकतो.

यानंतर इंजिन काट्यावर घेऊन प्रत्येक चाकावरचं वजन मोजायचं आणि स्प्रिंगच्या हँगरने जुळवायचं.

खोलताना प्रत्येक भागावर इंजिनाचा कारखाना क्रमांक पंच करायचा. चकचकीत भागांना गंजू नये म्हणून चरबी आणि पांढऱ्या शिशाचा लेप, लहान भाग पेट्यांत, बॉयलर आणि फ्रेम तशीच. १८५२ मध्ये सुएझ कालवा नव्हता, तो १८६९ चा. जीआयपीची पहिली आठ इंजिनं, २-४-० चाकरचनेची, आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजांवरून आली आणि मुंबईत पुन्हा जुळवली गेली. जीआयपीचा भायखळ्याचा कारखाना १८५४ चा, परळचा १८७९ चा, म्हणजे पहिली जुळणी या दोन्हींच्या आधीची. भारी क्रेन नाही, मोठी शेड नाही. ते काम ज्यांनी उतरवलं आणि जुळवलं त्या मुंबईच्या खलाशांना, लोहारांना आणि फिटरांना तुमच्या फलकावर एक ओळ नक्की द्या.

---

वैदेही_ठाणे

काका, खूप आभार, ही ओळ ठळक अक्षरात जाणार. एक उपप्रश्न: 'फॉकलंड' हे इंजिनही याच आठांपैकी का? आणि त्या दिवशीच्या तीन इंजिनांची साहिब, सिंध, सुलतान ही नावं लिहू ना?

---

रूळजोड

नाही. 'फॉकलंड' कंत्राटदाराचं इंजिन. फेव्हिएल आणि फाउलर यांच्याकडे रुळाच्या कामाचं कंत्राट होतं, आणि भराव-माती वाहायला त्यांनी ते आणलं होतं. नाव तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांचं. फेब्रुवारी १८५२ मध्ये भायखळ्याजवळ ते शंटिंग करताना लोकांनी पाहिलं. म्हणजे मुंबईकरांनी पाहिलेलं पहिलं इंजिन ते, आणि प्रवासी गाडी ओढणारी पहिली इंजिनं व्हल्कनची. दोन वेगळे मान आहेत, एकाच चौकटीत गल्लत करू नका.

साहिब, सिंध, सुलतान ही नावं 'लोकांच्या तोंडी असलेली' म्हणून लिहा.

'फेअरी क्वीन'चा फोटो मात्र शेजारी चिकटवू नका. ते १८५५ चं, लीड्सच्या किटसन कारखान्याचं, आणि ईस्ट इंडियन रेल्वेचं. असे फलक बरेच दिसतात.

---

कसारा_बँकर

खेकडा माझा विषय, म्हणून तिसरा प्रश्न मी घेतो. दोन्ही पक्ष बरोबर आहेत.

जीआयपीने १९२८-२९ मध्ये ईएफ/१ वर्गाची ४१ मालगाडी इंजिनं घेतली. पहिली १० स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमधल्या एसएलएम कारखान्याची, उरलेली ३१ व्हल्कन फाउंड्रीची. विजेचं सामान मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचं. व्हल्कनने फ्रेम, चाकं, बॉडी, रॉड असं यांत्रिक काम केलं. त्यामुळे 'व्हल्कनने विजेचं इंजिन बनवलं' असं न लिहिता 'यांत्रिक भाग व्हल्कनचे, विजेचं सामान मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचं' असं लिहा. पुढे अखिल भारतीय वर्गवारीत याचंच डब्ल्यूसीजी-१ झालं: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी, जी म्हणजे गुड्स.

रचना: तीन भागांत सांधलेली बॉडी, खाली सहा-सहा चाकांच्या दोन बोग्या (डबे नव्हे, चाकांचे गाडे), एकूण चार मोटरी, २६०० अश्वशक्ती, वजन सव्वाशे टनांच्या आसपास. एका बोगीतल्या दोन मोटरी मिळून एक जॅकशाफ्ट (मधला आडवा दांडा) फिरवतात आणि तिथून रॉडने तिन्ही धुरे. फिरणारे रॉड, मधोमध मोडणारी बॉडी आणि चालतानाचं ते कण्हणं. रेल्वेतल्या मराठी माणसांनी त्याला खेकडा म्हटलं. बाहेरच्या देशांत अशा इंजिनांना मगर म्हणतात, पण आपला खेकडा जास्त नेमका आहे.

रॉड कशाला, हे फलकावर समजावून सांगा. बोरघाट आणि थळघाटात १:३७ चा चढ आहे. प्रत्येक धुऱ्याला स्वतंत्र मोटर असेल तर ओल्या रुळावर ज्या धुऱ्यावर भार कमी तो आधी घसरतो. रॉडने जोडलेले असले की तिन्ही धुरे एकत्रच फिरतात, एकटा घसरू शकत नाही. त्या काळच्या नियंत्रणांच्या मानाने घाटासाठी हा पक्का इलाज होता.

त्याची किंमतही होती. जोडलेल्या सगळ्या चाकांचा व्यास सारखाच ठेवावा लागतो. एका धुऱ्याचं चाक जास्त झिजलं तर ते दर फेरीला कमी अंतर कापतं, रॉड ते मान्य करत नाही, आणि चाक रुळावर घासत राहतं. म्हणून एक चाक लेथवर घ्यायचं तर बोगीतली सगळी घ्यावी लागत. एक्सल बॉक्स सैल झाला की दोन धुऱ्यांमधलं अंतर बदलतं आणि बुश गरम होतो. फिटरकाकांनी वर सांगितलेला ९० अंशांचा नियम इथेही तसाच लागू. वीज असली तरी खालचा सांगाडा वाफेच्या इंजिनाचाच होता, आणि तसलं काम व्हल्कनच्या हातचं होतं.

उतारावर रीजनरेशन: मोटरी जनित्र म्हणून चालतात आणि वीज तारेत परत जाते. ती घ्यायला त्याच भागात दुसरी गाडी चढत असावी लागते किंवा सबस्टेशनची तशी सोय असावी लागते. घेणारं कुणी नसेल तर व्होल्टेज चढतं, रिले पडतो आणि ब्रेकची ताकद एकदम जाते. त्या क्षणी ड्रायव्हरचा हात गाडीच्या ब्रेकवर तयार हवा.

पुढची पिढीही व्हल्कनचीच. १९५४-५५ च्या सात डब्ल्यूसीएम-१ (ही विजेचीच इंजिनं), मग १९५६-५७ च्या बारा डब्ल्यूसीएम-२. दुसऱ्या मूळच्या हावड्याकडच्या ३००० व्होल्टसाठी होत्या, नंतर १५०० ला बदलून इकडे आल्या. यांत रॉड गेले, प्रत्येक धुऱ्याला स्वतंत्र मोटर आली.

फोटोसाठी: एक खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये.

---

मीटरगेज_मिरज

व्हल्कनच्या भारतीय कामातलं एक कटू पान सुटतंय. १९२० च्या दशकात भारतीय रेल्वेसाठी प्रमाणित वाफेची इंजिनं ठरली, त्यातली ४-६-२ चाकरचनेची एक्सए, एक्सबी, एक्ससी. यांतली बरीच व्हल्कनने बांधली. स्वस्त, राखेचा कोळसा जाळता यावा म्हणून रुंद फायरबॉक्स. पण ती वेगात डावी-उजवीकडे डुलत. पुढची बोगी आणि मागचा ट्रक इंजिनाला बाजूने पुरेसे आवरून धरत नव्हते. भक्कम रुळावर हे खपून जाई. खडी कमी, स्लीपर सैल असा मार्ग असेल तर प्रत्येक हेलकाव्याला चाकं रुळाला बाजूला ढकलत आणि रूळ वाकडा होई.

१७ जुलै १९३७ रोजी पाटण्याजवळ बिहटा इथे एक्सबी इंजिनाची एक्सप्रेस घसरली आणि शंभरावर माणसं गेली. त्यानंतर कर्नल माउंट यांच्या अध्यक्षतेखाली पॅसिफिक लोकोमोटिव्ह कमिटी नेमली, एलएमएस रेल्वेचे मुख्य यांत्रिक अभियंता स्टॅनियर तिच्यात होते. बोगीचा बाजूचा दाब वाढवणं, इंजिनात आणि मार्गातही सुधारणा, असा निष्कर्ष निघाला. ही शिकवण पुढच्या डब्ल्यूपी या वाफेच्या प्रवासी इंजिनाच्या आराखड्याला उपयोगी पडली.

यात दोष आराखड्याचा आणि मार्गाचा. आराखडा समिती आणि सल्लागार अभियंत्यांनी ठरवलेला. कारखान्याने दिलेल्या नकाशाप्रमाणे बांधून दिलं. एवढा भेद राखून लिहा, पण गाळू नका. अपघातात गेलेल्या माणसांचं तेवढं देणं आपण लागतो.

---

न्यूटनकर (मँचेस्टर)

आत्ताची स्थिती सांगतो. कारखान्याच्या इमारती २००७ मध्ये पाडल्या आणि जागेवर घरं झाली. शिल्लक आहे ते 'व्हल्कन व्हिलेज', कामगारांसाठी बांधलेली १८३० च्या दशकातली विटांची बैठी-दुमजली घरं. तिथे अजून माणसं राहतात, त्यामुळे फोटो रस्त्यावरूनच घ्यावेत. प्रत्यक्ष व्हल्कनचं मोठं इंजिन पाहायचं तर यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियममध्ये चीनचं केएफ७ आहे, वर सांगितलेल्या २४ ४-८-४ इंजिनांपैकी एक. चीन सरकारने ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भेट दिलं. नकाशे किंवा जुने फोटो हवे असतील तर यॉर्कला आणि लिव्हरपूलच्या म्युझियमला इंजिनाचा वर्ग, वर्ष आणि रेल्वेचं नाव देऊन विचारा. नुसतं 'व्हल्कनचं काहीही' असं विचारलंत तर उत्तर यायला वेळ लागेल.

---

फिटरकाका

राहिला चौथा प्रश्न. इंजिनावर तीन वेगळे आकडे असतात, ते आधी सुटे करा.

रोड नंबर रेल्वेने दिलेला. तो बदलतो, १९५७-५८ च्या सुमारास सगळ्या देशात नवे नंबर पडले, म्हणून जुन्या आणि नव्या फोटोत एकाच इंजिनाचा नंबर वेगळा दिसेल. कारखाना क्रमांक बांधणाऱ्याचा, तो बदलत नाही; निर्मात्याच्या पितळी प्लेटवर नाव, गाव आणि वर्षासोबत असतो. तिसरा बॉयलर नंबर. बॉयलरची दुरुस्ती फ्रेमच्या दुरुस्तीपेक्षा जास्त दिवस घेते, म्हणून पीओएचला (ठराविक काळाने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीला) तयार असलेलं दुसरं बॉयलर चढवून इंजिन सोडत. बॉयलरवरचं वर्ष इंजिनाचं वर्ष समजू नका.

प्लेट चोरीला जाते, उतरवली जाते, कधी हौसेने दुसऱ्याच इंजिनावर लावली जाते. तेव्हा साइड रॉड, कनेक्टिंग रॉड आणि स्लाइड बार यांच्या तोंडावर पंच केलेले आकडे बघा. रंगाखाली असतात, स्क्रॅपर लावायचा नाही, तिरपा टॉर्च मारून कागद ठेवून पेन्सिल घासली तरी उमटतात. रॉडही अदलाबदल होतात, त्यामुळे एका भागावरून ठरवू नका. फ्रेमवरचा आणि निदान दोन हलत्या भागांवरचा आकडा एक आला तर तो धरायचा. मग तो क्रमांक निर्मात्याच्या यादीत त्याच रेल्वेच्या, त्याच वर्गाच्या नावावर आहे का ते जुळवा. आणि वस्तू संग्रहालयाची असेल तर हात लावण्याआधी तिथल्या अधिकाऱ्याची परवानगी घ्या.

फोटोवरून ठरवायचंच असेल, आणि प्लेट वाचता येत नसेल, तर फक्त वर्ग आणि रेल्वे लिहा. ४१ खेकड्यांपैकी कुठला एसएलएमचा आणि कुठला व्हल्कनचा हे नंबर कळल्याशिवाय लांबच्या फोटोवरून सांगू नये.

---

वैदेही_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. एकाऐवजी दोन फलक करते: एक १८५२ च्या आठ इंजिनांचा आणि जुळणीचा, दुसरा खेकड्याचा. बिहटाची चौकट दुसऱ्यात घेते. मजकूर तयार झाला की इथेच टाकते, आकडे तपासून द्या.

---

कसारा_बँकर

टाका ताई. खेकड्याच्या फलकात रॉड आणि जॅकशाफ्टची साधी रेखाकृती घ्या, बाजूने आणि वरून अशी दोन. बाजूच्या आकृतीत दोन्ही बाजूंच्या क्रँक पिना दाखवा, मागची तुटक रेघेने, पुढचीपासून ९० अंशांवर. शाळेची मुलं तिथेच थांबून विचारतील की या समोरासमोर का नाहीत, आणि उत्तर शेजारीच हवं.